म्यूर : नांगर न लागलेली जमीन

स्कॉटलंडविषयीचं काही मराठीत आणताना एका शब्दाशी भाषांतरकार हमखास अडतो. मुळात 'मूर' किंवा 'म्यूर' असतं आणि मराठीत 'ओसाड माळरान' होऊन बसतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे मग उन्हात करपलेलं गवत, मुरमाड जमीन, चार बाभळी आणि लांबवर धूळ उडवत जाणारी मेंढरं उभी राहतात. खऱ्या म्यूरवर यातली फक्त मेंढरं सापडतील. बाकी सगळं उलटं आहे. म्यूर ओलं असतं, काळ्या मातीचं असतं आणि ओसाड तर ते कधीच नव्हतं. गेली आठशे-नऊशे वर्षं स्कॉटलंडमधल्या माणसांनी त्या जमिनीकडून जितकी कामं करून घेतली, तितकी शेतजमिनीकडूनही क्वचितच घेतली असतील.

आधी शब्द तोंडात नीट बसवू या. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण, वेगळी वाढलेली. जुन्या इंग्रजीतल्या 'मोर' या शब्दाचं इंग्रजीत 'मूर' झालं आणि स्कॉट्समध्ये 'म्यूर'. आज आडनावं आणि गावांची नावं घेताना बहुतेक जण 'म्यूर'च म्हणतात. पण जुना स्वर निराळा आहे. ओठ 'ओ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि जीभ मात्र 'ए'च्या जागी ठेवून आवाज काढायचा. मराठीत हा स्वर नाही. शेटलंड-ऑर्कनीकडच्या बोलीत तो अजून ऐकू येतो. मुख्य भूमीवर बऱ्याच ठिकाणी ओठांचा गोलपणा गेला आणि 'मेर' उरलं. ईशान्येकडे त्याच जातीच्या शब्दांत 'ई' येतो, म्हणजे गरीब या अर्थाचा 'प्यूर' तिथे 'पीर' होतो. सीमेजवळच्या हॉइक गावात दर जूनमध्ये शिवेची घोडदौड निघते, तेव्हा शर्यती जिथे होतात त्या मैदानाला गावकरी आजही 'द मेर' म्हणतात. लिहिताना कोणी काहीही लिहो, हॉइकच्या माणसाच्या तोंडी म्यूर असं राहिलं आहे.

नकाशा उघडला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. दक्षिणेकडच्या सखल भागात, जिथे लोक स्कॉट्स बोलत होते, तिथे नावांत 'म्यूर' टिकला. म्यूरकर्क म्हणजे म्यूरातलं चर्च. म्यूरहेड म्हणजे म्यूर जिथे सुरू होतं ते टोक. म्यूरटन, म्यूरहाउस, म्यूरएंड यांचीही फोड अशीच सहज होते. उत्तरेच्या डोंगराळ भागात लोक गेलिक बोलत, आणि तिथली नावं नकाशावर येताना बहुधा इंग्रजी 'मूर' लागला. रॅनॉख मूर हे त्याचं ठळक उदाहरण. घोटाळ्याची एक जागा इथेच सांगून ठेवायला हवी. गेलिकमध्ये अगदी याच अक्षरांनी लिहिला जाणारा 'मुर' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ समुद्र. त्यामुळे गेलिक मजकुरात तो दिसला की माळ समजून पुढे जाऊ नये.

म्यूर म्हणजे नेमकं काय? ते उंचावर असतं असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. पण फाइफच्या किनाऱ्यावरचं टेंट्सम्यूर समुद्रसपाटीला लागून आहे आणि वाळूचं आहे. म्यूरफील्ड हे गोल्फचं प्रसिद्ध मैदानही समुद्रकाठीच. म्हणजे उंचीने म्यूर ठरत नाही. झाडं नसणं हीदेखील पक्की खूण नाही, कारण एडिंबराच्या जुन्या म्यूरावर ओकची दाट झाडी होती. सगळ्या उदाहरणांत समान असलेली गोष्ट एकच : त्या जमिनीला नांगर लागलेला नाही. माती आम्लधर्मी, निकृष्ट, पाणी धरून ठेवणारी किंवा निव्वळ रेताड, म्हणून पेरणी परवडत नाही. नांगर नाही म्हणून बांध नाहीत, आणि बांध नाहीत म्हणून पुष्कळ काळ एकट्याची मालकीही नाही. शब्दाचा जीव या साखळीत आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्या जमिनीवर काय उगवतं यापेक्षा माणसाने तिथे काय केलं नाही, हे म्यूर हा शब्द सांगतो.

शेजारचे शब्दही वेगळे ओळखता यायला हवेत, नाहीतर सगळ्याचं पुन्हा माळरान होतं. 'मॉस' म्हणजे पीटची, न कुजता साचलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल, जिथून इंधन कापतात. 'फ्लो' म्हणजे तळ्यातळ्यांची, पायाखाली हलणारी सपाट पीटभूमी. उत्तर टोकाच्या केथनेस आणि सदरलंडमधली अशी फ्लोभूमी २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. 'हॅग' म्हणजे पीट झिजून उरलेला काळा कडा, माथ्यावर हीदरच्या झुडपांची टोपी असलेला. 'हॉ' म्हणजे नदीकाठची सपाट गाळाची जमीन, म्यूरच्या नेमकी उलट. आणि धनगर किंवा शिकारीची राखण करणारा माणूस रोजच्या बोलण्यात या सगळ्यालाच 'हिल' म्हणतो. समोर मैलभर सपाटी असली तरी तो 'हिलवर' जातो. म्यूर हा शब्द त्याच्या तोंडी येतो तो नावात किंवा जोडशब्दात.

त्या जमिनीवर गुडघे टेकून पाहिलं तर हातभर जागेत बरंच काही असतं. वर हीदरची काटकुळी, खरखरीत झुडपं. त्यातही तीन प्रकार आहेत आणि ते ओळखता येणं चालणाऱ्याच्या फार कामाचं आहे. घंटेसारख्या गडद जांभळ्या फुलांचं बेल हीदर कोरड्या, निचऱ्याच्या जागी येतं आणि जुलैतच फुलतं. चार-चार पानांचा क्रॉस करणारं फिकट गुलाबी हीदर ओल सांगतं. ज्याने ऑगस्टमध्ये सगळा डोंगर जांभळा होतो ते साधं लिंग हीदर या दोघांच्या मधल्या जागा भरून काढतं. खाली ब्लेबेरीची बुटकी हिरवी झुडपं. पांढरे कापसाचे गोंडे वाऱ्यावर हलताना दिसले की तिथे खाली पीट आहे आणि ते भिजलेलं आहे. डोळ्याला सगळ्यात सुंदर दिसणारी पोपटी-हिरवी किंवा लालसर मखमल म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. नवखा माणूस तिथेच पाय ठेवतो आणि मांडीपर्यंत आत जातो. नियम सोपा आहे. जिथे हीदर उंच आणि काटकीचं, तिथे पाय धरतो. जिथे हिरवं चमकतं, तिथे वळसा घालायचा.

स्फॅग्नमखालची जी काळीतपकिरी, लोण्यासारखी कापली जाणारी माती, ती पीट. माती म्हणायचं इतकंच, खरं तर ती न कुजलेली वनस्पती. पाण्यात हवा पोचत नाही, आम्लात जंतू फोफावत नाहीत, म्हणून मेलेलं शेवाळ कुजायचं राहून साचत जातं. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. हातभर खोल खड्डा खणला की पाचेकशे वर्षं मागे गेलो असं समजावं. ताज्या पीटच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं. त्यामुळे अशा जमिनीवर जड काही बांधायचं तर पाया टेकवायला तळच सापडत नाही. १८९४ मध्ये सुरू झालेली वेस्ट हायलंड रेल्वे रॅनॉख मूर ओलांडते, ती याच अडचणीवर तोड काढून. अभियंत्यांनी झाडांची मुळं आणि फांद्या यांचं जाळं दलदलीवर अंथरलं, त्यावर हजारो टन माती आणि राख टाकली, आणि त्या तरंगत्या गादीवर रूळ टाकले. रूळ आजही त्याच गादीवर आहेत.

नांगर नसलेल्या या जमिनीतून काय काय मिळायचं, त्याची यादी स्कॉटलंडच्या कायद्याने तीन शब्दांत बांधून ठेवली आहे : फ्यूएल, फील आणि डिव्हट. फ्यूएल म्हणजे जळण, अर्थात पीट. फील म्हणजे गवतासकट कापलेली जाड मातीची ढेप, भिंती आणि कुंपणं रचायला. डिव्हट म्हणजे तिचाच पातळ भाऊ, छपरावर कौलासारखा घालायला. तो कापायला लांब दांड्याची, रुंद पात्याची 'फ्लॉख्टर' नावाची फावडी असे. दांड्याचा आडवा दस्ता मांड्यांवर टेकवून अंगाच्या जोराने ढकलायची, म्हणजे हिरवळीचा पातळ पापुद्रा सुटून येतो. चराईबरोबर हे तीन हक्क असले तर कुळाला घर, ऊब आणि दूध या तिन्ही गोष्टी म्यूरातून मिळत. आपल्याकडच्या गायरानाशी याचं नातं जवळचं आहे, फरक एवढाच की गायरानातून कोणी घराची भिंत उचलून आणत नाही.

पीट कापणं हे उन्हाळ्याच्या तोंडाचं काम, एप्रिल-मेचं. आधी वरची हिरवी साल सोलायची आणि मागच्या वर्षीच्या कापलेल्या तळावर नीट पालथी न घालता, गवत वर ठेवून अंथरायची. ही पायरी आळसाने गाळली की तळ उघडा पडतो, पाऊस त्याला धुऊन नेतो आणि पुढच्या पिढीला म्यूरऐवजी हॅग मिळतो. मग पायरीपायरीने ओल्या विटा कापायच्या, काठावर पसरायच्या आणि आठ-दहा दिवसांत वरची कातडी धरली की तीन-चार विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. घाई करून ओल्याच रचल्या तर आतून त्या कधीच वाळत नाहीत. आणि हिवाळ्यात त्यांना दंव धरलं तर भुगा होतो. वाळलेली वीट आकाराने निम्म्याहून लहान, टणक, हलकी आणि जळताना ओळखू येणाऱ्या वासाची.

मालकीचा प्रश्न मात्र सुटला नाही, तो तोडला गेला. १६९५ मध्ये स्कॉटिश संसदेने सामायिक जमिनी, ज्यांना 'कॉमन्टी' म्हणत, त्या वाटून घेण्याचा कायदा केला. कोणाही एका हिस्सेदार जमीनदाराने कोर्टात अर्ज केला की वाटणी सुरू. चरणाऱ्या गुरांच्या मालकांना, म्हणजे कुळांना, अर्ज करण्याचा हक्क नव्हता आणि वाटाही नव्हता. पुढच्या दोनशे वर्षांत बहुतेक कॉमन्टी नकाशावरून पुसल्या गेल्या. या कायद्यात दोन फटी होत्या आणि त्या मला फार बोलक्या वाटतात. राजाच्या आणि शाही सनदेच्या नगरांच्या सामायिक जमिनी वगळलेल्या होत्या. आणि जे मॉस सोयीने वाटता येणार नाहीत ते सामायिकच ठेवायचे, जाण्यायेण्याच्या वाटेसकट. दलदलीला रेघ मारता येत नाही, एवढं तरी कायद्याला कळलं होतं. सेलकर्क आणि लॉडर ही सनदी नगरं. तिथे दर वर्षी गावकरी घोड्यावर बसून सामायिक जमिनीच्या शिवा फिरून येतात. आज तो उत्सव आहे. सुरुवातीला ती राखण होती, शेजारचा जमीनदार दगड सरकवू नये म्हणून.

एडिंबराचं बर्ग म्यूर आता शोधायला गेलं तर रस्तेच सापडतात. शहराच्या दक्षिणेला तळं होतं, बर्ग लॉख. त्याच्या पलीकडे हे म्यूर. नगराला ते बाराव्या शतकात मिळालं असं मानतात. १५०८ मध्ये राजा चौथ्या जेम्सने ते भाड्याने-पट्ट्याने द्यायची परवानगी दिली आणि ओक तोडायला सुरुवात झाली. लाकूड इतकं निघालं की लोकांनी आपल्या घरांना रस्त्याच्या बाजूने लाकडी दर्शनी भाग जोडून घ्यावेत असा मार्ग काढला गेला, आणि मुख्य रस्ता त्यामुळे अरुंद झाला. याच म्यूरावर सोळाव्या शतकातल्या प्लेगच्या साथींत रोग्यांना गावाबाहेर काढून ठेवत, त्यांचे कपडे उकळून धूत. इथेच १३३५ मध्ये लढाई झाली. पुढे तळं कोरडं करून त्याचं मेडोज हे मैदान झालं, म्यूरावर मार्चमाँट, ग्रेंज, मॉर्निंगसाइड या वस्त्या उभ्या राहिल्या. उरलेला एक तुकडा म्हणजे ब्रन्ट्सफील्ड लिंक्स. तिथल्या उंचसखल हिरवळीवर आजही लोक लहान पल्ल्याचं गोल्फ खेळतात. ती न नांगरलेली जमीन आहे.

म्यूर म्हणजे बाजाराची जागा, हा अर्थ फुटबॉलच्या निकालांमुळे तरी कानावर पडतो. स्टेनहाउसम्यूर हा संघ १८८४चा. पण त्या गावाचं मोठेपण त्याआधीचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून फॉलकर्कचा गुरांचा बाजार, 'ट्रिस्ट', याच म्यूरावर भरायचा. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. हायलंडमधून, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातून, आणि बेटांवरून हजारो गुरं चालत यायची. स्काय बेटावरची गुरं काइल रेच्या सामुद्रधुनीत पोहून येत. ओहोटीची वेळ साधायची, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या जबड्याला दोरीने बांधून सहा-आठची माळ करायची आणि पुढच्याला होडीमागे ओढायचं. जीभ मोकळी राहील अशी गाठ मारावी लागे, नाहीतर जनावर गुदमरे. मग दिवसाला दहा-बारा मैल. त्याहून जास्त चालवलं की अंग उतरतं आणि बाजारात भाव पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही हेड्याला सांगायला नको. पुढे इंग्लंडपर्यंत कडक रस्त्याने न्यायची असली तर त्यांना नाल ठोकत. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या, एका जनावराला आठ.

एवढ्या गुरांना बाजार म्यूरावरच का? कारण तिथे उभं पीक नाही, म्हणून नुकसानभरपाईचं भांडण नाही. वाटेत मुक्कामाला गवत-पाणी फुकट. विक्री होईपर्यंत दोन-तीन दिवस जनावर चरतं. बांध पडले, वाटण्या झाल्या, मग मुक्कामाच्या जागांना पैसे मोजावे लागले, आणि रेल्वे आली तेव्हा चालत नेण्याचं गणितच संपलं. स्टेनहाउसम्यूर उरलं, म्यूर नाही.

लढायाही म्यूरांवर झाल्या, हे नावांतच दिसतं. गेलिकमध्ये 'ब्लार' हा एकच शब्द मोकळ्या मैदानालाही आहे आणि लढाईलाही. म्यूर ऑफ ऑर्ड या गावाला गेलिकमध्ये 'आम ब्लार डू' म्हणतात, काळा माळ. कलोडनची लढाई गेलिकमध्ये 'ब्लार खूल लोदर'. पण नुसतं नाव घेण्यापेक्षा जमिनीने काय केलं ते पाहावं. १३ नोव्हेंबर १७१५ला शेरिफम्यूरवर माळाचा फुगवटा असा होता की सरकारी आणि बंडखोर जॅकोबाइट अशा दोन्ही सैन्यांना एकमेकांच्या डाव्या बाजू नीट दिसेनात. शिवाय रात्रीच्या कडाक्याने दलदल गोठून टणक झाली होती, म्हणून सरकारी घोडदळ एरवी जिथे फसलं असतं तिथून बाजूने येऊ शकलं. दोन्हीकडच्या उजव्या फळ्यांनी समोरच्या डाव्या फळ्या मोडल्या आणि लढाई निकालाशिवाय संपली. १ जून १६७९ला ड्रमक्लॉगला उलटं झालं. उघड्यावर प्रार्थनेला जमलेल्या कव्हेनंटर लोकांनी, म्हणजे राजाने लादलेली चर्चव्यवस्था न मानणाऱ्यांनी, मधे दलदल ठेवून जागा धरली आणि चालून आलेल्या ड्रगून स्वारांचे घोडे अडले. १६ एप्रिल १७४६ला कलोडनजवळच्या ड्रमॉसी म्यूरवर हायलंडरांच्या डाव्या फळीपुढे पाणथळ होतं आणि अंतरही जास्त. ज्यांचं सगळं बळ वेगाने धावून जाण्यात होतं ते सरकारी तोफांसमोर चिखलात मंदावले. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. त्यांच्याच सेनापतींपैकी लॉर्ड जॉर्ज मरेने ही जागा नको म्हणून आधी सांगितलं होतं.

आज म्यूर हा शब्द जिवंतपणे वापरला जातो तो एका जोडशब्दात : म्यूरबर्न. हीदर ठरवून जाळणं. पंधराव्या शतकातल्या स्कॉटिश कायद्यांतही मार्चनंतर, पिकं कापून होईपर्यंत, हे जाळणं मना होतं. १९४६च्या डोंगरी शेतीच्या कायद्यात शब्द हाच. आणि २०२४मध्ये स्कॉटिश संसदेने केलेल्या कायद्याच्या नावातही म्यूरबर्न आहे. सरकारी इंग्रजीत ठाण मांडून बसलेला स्कॉट्स शब्द म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं.

जाळायचं कशासाठी? हीदरचं झुडूप तरुण असताना त्याचे शेंडे कोवळे आणि पौष्टिक असतात. ते मेंढ्या खातात आणि लाल ग्राउस पक्षी तर जवळजवळ त्यावरच जगतो. याच पक्ष्याचं स्कॉट्स नाव म्यूरकॉक, म्यूरहेन, दोन्ही मिळून म्यूरफाउल. १७७२च्या शिकारीच्या कायद्यात त्याचं नाव म्यूरफाउल असंच आहे आणि बंदी १० डिसेंबर ते १२ ऑगस्ट. वयात येईल तसं हीदर लाकडी होतं, मधून फाकतं, शेवटी मधोमध मोकळी जागा पडते. पण ग्राउसला घरट्यासाठी आडोसा म्हणून ते जुनं हीदरही लागतं. म्हणून सगळं एकदम न जाळता लहान तुकडे, साधारण तीस मीटर रुंदीचे पट्टे जाळतात, आणि एकाच तुकड्याची पाळी पुन्हा बऱ्याच वर्षांनी येते. वरून पाहिलं तर डोंगरावर गोधडी पसरल्यासारखी दिसते.

काम असं चालतं. पानं कोरडी आणि खालची जमीन ओली असा दिवस शोधायचा, वारा हलका पण एका दिशेचा. पडता-उठता वारा सगळ्यात धोक्याचा. शेजारच्यांना आधी कळवायचं. सूर्यास्तानंतर तासभर ते सूर्योदयाआधी तासभर जाळायला कायद्याने बंदी. आधी ज्या टोकाला आग थांबवायची त्या टोकाला वाऱ्याच्या उलट दिशेने हळू सरकणारी आग लावून काळी पट्टी तयार करायची. आपल्या वनखात्याची जाळरेषा असते तशीच. ती रुंद झाली की मग वाऱ्याच्या बाजूने मुख्य आग. दोन्ही कडांनी माणसं लांब दांड्याचे झोडपे घेऊन चालतात. आपटायचं नाही, दाबून ज्योत गुदमरवायची. आपटलं की ठिणग्या उडतात. आता बरेच जण पाण्याचा फवारा मारणारी गाडीही बरोबर ठेवतात. चांगली आग झपाट्याने जाते. पानं आणि बारीक काड्या जळतात, बुंधे काळे उभे राहतात, आणि खालच्या शेवाळाला हात लावला तर ते ओलंच लागतं. ही शेवटची चाचणी महत्त्वाची. खाली ओल असेल तर बुंध्याच्या तळचे डोळे जिवंत असतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच हिरवं फुटतं.

बिघडतं ते असं. हीदर फार जुनं झालं, पंधरा-वीस वर्षांपुढे, की बुंध्यातून फुटवे येईनासे होतात. मग सगळी मदार मातीतल्या बियांवर आणि जमीन काही वर्षं उघडी. जुनं लाकूड जळतंही जास्त तापून. जमीन सुकी असताना आग पीटमध्ये उतरली तर ज्योत न दिसता दिवसेंदिवस धुमसते, आणि हजार वर्षांचा साठा आठवड्यात जातो. फार लवकर-लवकर जाळलं आणि वर मेंढ्या सोडल्या तर हीदर हटतं आणि ब्रॅकन नावाचं नेचं किंवा मोलिनिया गवत घुसतं. ते गवत हिवाळ्यात वाळून वाऱ्यावर उडतं आणि जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. ओलसर म्यूरवर चरणाऱ्या गुरांना 'म्यूर-इल' नावाचा रोग होई, लघवी लाल होते. लोक दोष गवताला देत. खरं कारण गोचिडीतून शिरणारा रक्तातला परजीवी.

नव्या कायद्यात जाळण्यासाठी परवाना सक्तीचा करण्याची तरतूद आहे आणि चाळीस सेंटिमीटरहून जाड पीट असलेली जमीन पीटभूमी मानून तिथे फार मोजक्या कारणांसाठीच मुभा ठेवली आहे. शिकारीच्या इस्टेटी नाराज आहेत. पातळ, निचऱ्याच्या जमिनीवर लहान तुकड्यांचं, ओल राखून केलेलं म्यूरबर्न हे जाणत्या हाताचं काम आहे आणि ते टिकावं असं मला वाटतं. खोल पीटवर मात्र ते नकोच. तिथे आग लावायला कुठलंच कारण पुरेसं नाही.

म्यूर हे आडनावही झालं. जॉन म्यूर आणि विल्यम म्यूर हे ग्लासगोचे दोन भाऊ भारतात नोकरीला आले. जॉनने संस्कृत ग्रंथांवर काम केलं आणि १८६२मध्ये एडिंबरा विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन सुरू करायला पैसे दिले. विल्यमच्या नावाचं म्यूर कॉलेज अलाहाबादेत उभं राहिलं. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी झटलेला जॉन म्यूर निराळा. तो १८३८मध्ये डनबारला जन्मला आणि अकराव्या वर्षी अटलांटिक ओलांडून गेला. डनबारच्या मागे दक्षिणेला जी डोंगररांग दिसते ती लॅमरम्यूर. कोकरांचं म्यूर, अशी त्या नावाची फोड सहसा केली जाते.

मराठीत आणताना मी म्हणेन, नावांत 'म्यूर' तसंच राहू द्यावं. बाकी ठिकाणी त्या वाक्यात जमीन काय काम करते ते पाहावं. गुरं चरत असतील आणि हक्क सामायिक असेल तर गायरान. हीदर, पाऊस आणि वारा असेल तर हीदरचा माळ, पण 'ओसाड' शब्द न लावता. म्यूरबर्नला वणवा म्हणू नये, वणवा लागतो आणि हे लावतात. आणि जमिनीचा पोत जवळ आणायचा असेल तर कोकणातला सडा आठवावा. सडा जांभ्या दगडाचा, म्यूर पीटचं. खालची गोष्ट अगदी वेगळी. तरी वरची पातळ माती, पावसात भरणारी डबकी, थोड्याच दिवसांचा फुलोरा, गवत कापायचे आणि चराईचे हक्क, आणि नांगर न चालणं, हे सगळं ओळखीचं वाटेल.

लॅमरम्यूरच्या पायथ्याच्या त्या लॉडर गावात १८०४ साली जॉन विल्सन जन्मला, मुंबईच्या विल्सन कॉलेजचा. घर शेतकऱ्यांचं. १८२९मध्ये तो मुंबईत उतरला आणि मराठी शिकायला सुरुवातीचे काही महिने बाणकोट-हर्णैकडे राहिला. बंदराच्या वर, चढण संपली की तिथे सडा लागतो.